दुसऱ्या तारेची मोहीम

वाचणारांचे हुजुरी थंडर बे शहरचे एका हकीकतनविसाची विज्ञापना ऐसीजे : पृथ्वीवर मोहिमा बहुत जाहल्या, तख्ते उलथली, किल्ले पडिले, त्यांच्या बखरी लिहिणारे लिहोन गेले, आणि आमचे वाट्यास उरले ते डॅरिल मॅक्विटी यांचे तळघर. नशीब एकेकाचे. तथापि नेमिले काम टाळावे हा आमचा रिवाज नाही, सबब माहे जानेवारीत, उणे अठ्ठावीस अंशांचे थंडीत, मॅक्विटी यांचे गेमिंग कंप्यूटरावर जे अरिष्ट आले, त्याचे निवारणार्थ जे यत्न जाहले, त्यांत जो मूर्खपणा खर्ची पडिला आणि अखेर फत्ते कोणे प्रकारे जाहली, ते साद्यंत लिहितो. पदरचे काही घातिले नाही. घालण्याची गरजच पडिली नाही.

डॅरिल मॅक्विटी यांची उमर बेचाळीस. पेशा म्हणाल तर बर्फावर धावणारे स्नोमोबिलांचे सुटे भाग विकणारे दुकानी काउंटरामागे उभे राहणे, आणि स्वभाव म्हणाल तर सेनापतीचा. 'काळे मूस' (मूस म्हणजे तिकडील थोर सांबर) नामक पांच असामींची एक फौज होती, जी आंतरजालावर किल्ले घेण्याचा खेळ खेळे, आणि त्या फौजेचे कॅप्टन हे. पांचही असामी पांच गावी आपापले खुर्चीत बसोन लढत आणि एकमेकांस फक्त आवाजाने ओळखत. दुकानी डॅरिल यांस विचारून कोणी साधा बोल्टही निवडीत नसे, आणि घरी आज जेवावयास काय हे त्यांस ताट पुढे आलियावर कळे. परंतु कानांस हेडफोन लागले की चार शहाणी माणसे 'आता कुठे जायचं?' म्हणोन त्यांसच पुसत. हे सुख त्यांस दुनियेत दुसरे ठिकाणी नव्हते, आणि हे जाईल या भयाने त्यांस घास गोड लागत नसे.

आता यंत्राचे वर्णन. या कंप्यूटर बांधणारांची जातच निराळी. त्यांचे यंत्रास एका बाजूस काच असते, आत निळे जांभळे दिवे लागतात, आणि यंत्र चालते कैसे यापेक्षा ते काचेतून दिसते कैसे यावर मनुष्याची अब्रू ठरते. आतील तार काचेतून लोंबताना दिसली तर ती नामुष्की. म्हणोन हे लोक तारांस कंगवे लावितात, होय, तारांचे कंगवे म्हणोन वेगळे मिळतात, आणि एकेक तार विंचरून तिची वेणी घालितात. आपली मुलगी शाळेत जाताना तिचे केस ज्यांनी कधी विंचरिले नाहीत ऐसे बापे या कामी आदितवारचे आदितवार घालविताना आम्ही डोळ्यांनी पाहिले. डॅरिल यांनी आपले यंत्राची तसबीर कंप्यूटर बांधणारांचे फोरमावर चढविली, तेथे चारशे बारा लोकांनी त्या तसबिरीस पसंतीचा एकेक बदाम दिला, आणि तेव्हापासून स्वारी जमिनीवर चालेनाशी जाहली.

ऐसियास नाताळात नवे ग्राफिक्स कार्ड आले. पाव ठेविण्याचे डब्याएवढे धूड, आणि वीज पिण्यास त्यास दोन तोंडे. ते बसविले, दिवे लागले, पुन्हा तसबीर काढिली. आणि मग अरिष्ट सुरू जाहले. खेळात शांतता असे तोंवर यंत्र सुखे चाले, परंतु किल्ल्याचे दरवाजावर दोन्ही फौजा भिडल्या, आग, धूर, पन्नास तलवारी एकदम पडद्यावर आल्या, की टक् ऐसा आवाज होवोन अवघे यंत्र मृतवत् पडे. लीगचे तीन सामने, तिन्ही वेळी हेच. कॅप्टन ऐन घाईत गुप्त, आणि उरले चौघे मार खात बसले. यावरून फौजेत दोन तट पडिले. टिमिन्स गावच्या मिरेल बोल्डुक, दातांचे दवाखान्यात हायजीनिस्ट, बाई तिखट आणि हिशेबी, त्यांचे मत की दोष यंत्राचा नसोन कॅप्टनाचा आहे.

"डॅरिल, राग मानू नकोस," मिरेलबाई हेडफोनातून बोलल्या, "पण तू असतोस तेव्हाही आम्ही मारच खातो. फक्त जरा हळू."

"अगं पण खरी लढाई सुरू झाली की माझं मशीनच जातं! मी असतो ना दरवाजावर, तर बघितलं असतंस!"

"तेच तर. बघायचंय मला."

तेव्हा केनोराचे नॉर्म पेट्रिशन, बर्फ काढण्याचे प्लाउ चालविणार, फौजेत वयाने वडील, यांनी निवाडा दिला. तो येणेप्रमाणे की, मशीन बंद पडले हा मनुष्याचा गुन्हा नव्हे. सबब शनिवारी दोन वाजता हंगामाचा अखेरचा सामना, त्यात मशीन शेवटपर्यंत चालिले तर डॅरिल यांचा कस कळेल आणि कॅप्टन कोण हे त्यावर ठरेल. मशीन पुन्हा गेले तर शंकेचा फायदा डॅरिल यांस, आणि पुढील हंगामापर्यंत पद कायम. डॅरिल यांनी हा निवाडा मोठे डौलाने कबूल केला, कां की यंत्र चालिले तर आपण रणांगण गाजवू याविषयी त्यांचे मनी तिळमात्र संशय नव्हता.

मग मोहीम मांडिली. प्रथम फोरमावर अर्जी गेली. तेथील पंडित म्हणजे काय वर्णावे! रोग्याचे नाव ऐकण्यापूर्वी औषध देणारे. एक म्हणाला ड्रायव्हर काढोन पुन्हा घाल. ते केले. दुसरा म्हणाला विंडोज अवघी पुसोन पुन्हा घाल. तेही केले, त्यात दोन दिवस गेले आणि रीटाबाईंची, म्हणजे डॅरिल यांचे कुटुंबाची, बर्फावर दगड सरकविण्याचा जो कर्लिंग खेळ, त्याचे क्लबाची यादी नाहीशी जाहली, ज्याची वाच्यता त्यांनी अद्याप केली नाही. तिसरा म्हणाला कार्ड तापते. वास्तविक कार्डाचे तापमान पडद्यावर लिहिलेले, एकसष्ट अंश, ज्यास तापणे म्हणत नाहीत. परंतु आकडा वाचील तो पंडित कसला आणि त्याचे ऐकतो तो शिष्य कसला! डॅरिल यांनी तळघराची खिडकी सताड उघडिली, अंगात जाड पार्का कोट, हाती लोकरी मोजे, आणि उणे अठ्ठावीसचा वारा यंत्रावर सोडोन युद्धास बसले. टेबलावर बर्फाची भुकटी पडो लागली. मोज्यांनी एकेक कळ दाबावी तो तीन तीन दाबल्या जात.

"डॅरिल!" वरून रीटाबाईंचा आवाज आला. "खाली खिडकी उघडी आहे का?"

"कार्ड गार ठेवतोय!"

"कार्ड गार होतंय आणि इथे नळ गोठतोय! गल्लीला हीटिंग पुरवायचा ठेका घेतलायस का? लाव ती आधी!"

खिडकी लागली. यंत्र त्यापूर्वीच अकरावे मिनिटास पडिले होते.

मग चौथा पंडित वदला की पॉवर सप्लाय, म्हणजे जो डबा भिंतीतील वीज घेवोन अवघे यंत्रास वाटितो, तो अपुरा आहे. तेव्हा त्याच घराण्याचा थोरला डबा आणविला, साडेसातशे वॉटांचा काढोन हजारांचा बसविला. आणि येथे, वाचणारांनी कान द्यावा, या जातीवाचून दुसरे कोणाचे हातून न होणारी चूक जाहली. डबा बदलिला, परंतु डब्यातून कार्डाकडे जाणारी जुनी तार तैशीच ठेविली, कां की तिची वेणी घालण्यास एक अवघा आदितवार गेला होता आणि चारशे बारा बदाम तिचे तसबिरीस मिळाले होते. ती तार मुळाशी एक आणि शेवटास दुतोंडी. दोन्ही तोंडे कार्डाचे दोन्ही तोंडांत. पाचवे पंडिताने फोरमावर पुसिले की कार्डास दोन्ही खुंट्या लागल्या आहेत ना, आणि डॅरिल यांनी उत्तर दिले की लागल्या आहेत. उत्तर खरे होते. कार्डासमवेत जी पुस्तिका आली तीत चवथे पानी ठळक लिहिले होते की दोन तोंडांस दोन स्वतंत्र तारा लावाव्या, परंतु पुस्तिका वाचणे हे या लोकांत बायलेपणाचे मानितात, सबब ती पुठ्ठ्यासमवेत कचऱ्यात गेली. आणि यंत्र पुन्हा पडिले.

शनिवार उजाडला. दर शनिवारी दुपारी रीटाबाईंचे वडील रेयो कोस्केला सॉनास, म्हणजे तापल्या वाफेचे कोठडीत घाम काढावयास, येत, कां की त्यांचे नव्या सदनिकेत सॉना नव्हती आणि सॉनावाचून फिनलंडचे मनुष्यास आठवडा संपला ऐसे वाटत नाही. सॉना तळघरातच, डॅरिल यांचे टेबलापासून चार पावलांवर. रेयो हे कागद गिरणीत एक्केचाळीस वर्षे इलेक्ट्रिशियन होते, आता वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, हातास किंचित कंप. खांद्यावर पंचा आणि हाती गुलाबी लेपाच्या पर्शियन पावांची पिशवी घेवोन उतरतात तो जावई टेबलाखाली पालथा पडलेला.

"काय हरवलंय?"

"काही नाही, रेयो. बंद पडतंय. लोड आला की."

लोड हा शब्द कानी पडताच म्हाताऱ्याने पिशवी खाली ठेविली.

"किती खातं हे?"

"साडेतीनशे वॉट. मधेच उसळी मारतं, तेव्हा जवळजवळ दुप्पट."

"आणि येतं कुठून?"

"इथून. या वायरीतून. बघा, दोन तोंडं आहेत, दोन्ही लावलीत."

"तोंडं दोन आहेत. वायर एकच आहे. एवढा भार तिला झेपेल कसा?" रेयो वाकोन पाहू लागले. "दुसरी दिली नाही त्यांनी?"

"दिलीय. खोक्यात आहे."

"मग?"

डॅरिल यांनी काचेवर बोट ठेविले. "काचेतून दिसते," मग म्हणाले. "दोन वायरी आल्या की सगळं घाण दिसतं."

रेयो स्टुलावर बसले. त्यांनी जावयाकडे पाहिले, काचेकडे पाहिले, पुन्हा जावयाकडे पाहिले. "एक्केचाळीस वर्षांत," ते म्हणाले, "मला कोणी हे कारण दिलं नव्हतं. आण ती वायर."

मग त्या वृद्धाने चष्मा चढविला, गुडघे टेकिले, वेणी उपटिली, एकेक तार आपले मुळापासून शेवटापर्यंत बोटांनी चाचपिली, आणि कड् ऐसा आवाज येईतो खुंट्या दाबिल्या. पंडितांचा अवघा मेळावा तीन आठवडे जे करू शकला नाही ते सात मिनिटांत जाहले. घड्याळात बारा वाजून पन्नास मिनिटे. दुसरी तार काचेतून लोंबत होती, ती मागे दडविण्यास डॅरिल यांनी हात घातिला तो रेयो यांनी त्यावर चापटी मारिली. यंत्रावर अर्धा तास पूर्ण भार टाकिला, पंखे घोंगावले, परंतु यंत्र हलले नाही. डॅरिल यांनी तेथूनच फौजेस संदेश धाडिला की सासऱ्याने दुसरी वायर लाविली, आता पाहा. रेयो यांचे मुखावर ऐसे समाधान आले की गिरणी सुटल्यापासून रीटाबाईंनी ते पाहिले नव्हते. दोन पर्शियन पाव खावोन, कॉफी पिवोन, ते सॉनात गेले.

दोन वाजता अखेरचे सामन्याचे रणवाद्य वाजले. किल्ल्याचे दरवाजावर फौजा भिडल्या, आग जाहली, धूर जाहला, पन्नास तलवारी पडद्यावर आल्या, आणि यंत्र लखलखीत चालिले. डॅरिल मॅक्विटी हे नवे कार्ड आलियापासून प्रथमच लढाईचे मध्यभागी जिवंत उभे होते. आता तेथे त्यांनी काय केले ते लिहिताना आमची लेखणी लाजते. त्यांनी नॉर्म यांस उजवे पुलावर धाडिले, जेथे शत्रू दबा धरोन बसला होता, आणि नॉर्म पडिले. त्याच पुलावर मिरेलबाईंस धाडिले, त्याही पडिल्या. मग स्वतः खंदकात पडिले, वर आले, आणि त्याच खंदकात पुन्हा पडिले.

"कुठे जाऊ ते सांग!" मिरेलबाई ओरडत होत्या. "डॅरिल! डावीकडे की उजवीकडे?"

"थांब... थांब जरा..."

"कशासाठी थांबू? मारतायत मला!"

पंचवीस मिनिटांत किल्ले चौदा विरुद्ध तीन. आणि त्या समयी डॅरिल यांस उमगले की इतके दिवस आपली अब्रू राखिली ती त्या पडक्या यंत्राने. पडदा स्वच्छ, एकही धक्का नाही, सबब सांगावयास जागा नाही. ज्या चौघांनी आपणांस पुसावे त्यांचे पुसणे पांच मिनिटांत संपणार, हे त्यांस दिसो लागले. तेव्हा त्यांनी उजवा पाय मोज्यातून सरकविला आणि अंगठ्याने टेबलाखालील यंत्राचे बटण दाबोन धरिले. यंत्र निमाले. मग फोन उचलोन, दुकानी गिऱ्हाइकांस 'तो पार्ट संपलाय' म्हणोन सांगतात त्याच सहज आवाजात, आरोळी दिली.

"गेलं! परत गेलं रे!"

"अरेरे," नॉर्म फोनावर म्हणाले. "नेमकं आत्ता. वायर सैल लागली असेल सासऱ्याची. तू वाईट वाटून घेऊ नकोस, डॅरिल. आम्ही चौघं संपवतो हे. कॅप्टन तूच."

इतिहासात नामर्द बहुत जाहले, पळपुटे बहुत जाहले, परंतु पायाचे अंगठ्याने पद राखणारा आमचे पाहण्यात हा एकच.

आरोळी सॉनापर्यंत गेली होती. दार उघडोन रेयो बाहेर आले, कमरेस पंचा, अंग लाल, घाम निथळतो आहे. काही न बोलता ते थंड फरशीवर गुडघे टेकोन बसले आणि खुंट्या चाचपू लागले. एकदा चाचपिल्या, पुन्हा चाचपिल्या.

"घट्ट आहेत," ते म्हणाले. "मला तर घट्टच लागतायत. पण कळत नसेल आता बोटांना." त्यांनी आपला उजवा हात दिव्यापुढे धरिला. तो हलत होता. "गिरणीत माझा एक जॉइंट कधी दुरुस्तीला परत आला नव्हता, माहितीये?"

डॅरिल यांनी मान हलविली आणि तोंड मिटोन राहिले. होय, तोंड मिटोन राहिले. ही बखर आहे, आम्ही लिहिणार.

रेयो कपडे करोन जिना चढले. वर स्वयंपाकघरात ते मुलीशी बोलत होते ते तळघरात स्पष्ट ऐको येत होते.

"रीटा, मे महिन्यात तळ्याकाठच्या आपल्या कॅम्पच्या घराचं वायरिंग मी करणार होतो ना. दुसऱ्या कोणाला तरी सांग."

"का बाबा? काय झालं?"

"काही नाही. आग लागायला नको कोणाच्या घराला माझ्या हातून."

डॅरिल खुर्चीत बसोन होते. कॅप्टनपद शाबूत, काचेत अंधार, आणि वरून चमचा कपात ढवळिल्याचा आवाज. त्यांस आपली लाज वाटली. उशिरा वाटली, परंतु वाटली, आणि मोठी वाटली, हे आम्ही नमूद करितो. मग ते उठले आणि जिना चढोन स्वयंपाकघराचे दारात उभे राहिले.

"वायर गेली नाही, रेयो. मी बटण दाबलं. पायाने."

रीटाबाईंनी हातातील किटली ठेविली. "काय केलंस?"

"बटण दाबलं. मशीन मस्त चाललं होतं."

"मग का?" रेयो यांनी पुसिले.

"हरत होतो. माझ्यामुळे."

रेयो यांनी आपला उजवा हात टेबलावर पालथा ठेविला आणि त्याकडे बराच वेळ पाहत राहिले. तो हलतच होता, परंतु आता ते त्याकडे निराळे नजरेने पाहत होते.

"म्हणजे घट्टच होत्या," ते म्हणाले.

"घट्टच होत्या."

"आणि तुझी ती माणसं? त्यांना काय वाटतंय?"

"त्यांना वाटतंय तुमची वायर सैल लागली."

"मग आधी ते निस्तर जा," रेयो म्हणाले, आणि रीटाबाईंकडे कप सरकविला. "मला अजून कॉफी दे गं."

मग डॅरिल मॅक्विटी तळघरात उतरले, यंत्र चालू केले आणि फोरम उघडिला. त्या दरबाराचा कायदा ऐसा की ज्याने अर्जी दिली त्याने रोग बरा जाहला म्हणजे अर्जीचे माथ्यावर 'सुटले' ऐसे लिहावे, आणि खाली कारण व वेळ नोंदवावी, जेणेकरोन पुढील पीडितांस उपयोग व्हावा. काळे मूस फौजेतील चौघेही ती अर्जी रोज वाचीत, हे त्यांस पुरते ठाऊक होते. त्यांनी बोटे कळांवर ठेविली, उचलिली, पुन्हा ठेविली. मग लिहिले ते अक्षरशः येणेप्रमाणे : सुटले. कार्डास एकाऐवजी दोन स्वतंत्र वायरी. काम रेयो कोस्केला, इलेक्ट्रिशियन, शनिवार दुपारी बारा पन्नास. त्यानंतर मशीन आपोआप एकदाही बंद पडलेले नाही. दोन पंचविसाला मी स्वतः बंद केले. सोबत नवी तसबीर जोडिली, तीत दुसरी तार मध्यभागी ठळक लोंबत होती. त्या तसबिरीस बदाम मिळाले तीन.

पाव घटकेत फोन वाजला. मिरेलबाई होत्या.

"स्वतः म्हणजे?"

"बटणाने."

"आम्ही एकोणीस-चारने हरलो. नॉर्म गप्प बसलाय, त्याला वाईट वाटलंय. मंगळवारी सातला प्रॅक्टिस आहे. येणार असशील तर वेळेवर ये. कॅप्टन मी आहे."

"येतो," डॅरिल म्हणाले.

येणेप्रमाणे शनिवारी, सायंकाळी चार वाजून दहा मिनिटांनी, थंडर बे मुक्कामी, ग्राफिक्स कार्डाचे विजेची मोहीम फत्ते जाहली ऐसे दाखल केले. कार्डास दोन तारा कायम. काचेची शोभा बुडाली. कॅप्टनपद टिमिन्सास गेले. डॅरिल मॅक्विटी यांनी कारकिर्दीत जे हुकूम दिले त्यांत बरोबर निघाला तो खरे लिहिण्याचा हा एकच, आणि तो त्यांनी आपले आपणांसच दिला होता. कॅम्पचे वायरिंग मे महिन्यात रेयो कोस्केला करणार, हाताखाली जावई, आणि जावयाने तारेस कंगवा लावावयाचा नाही ऐसा करार.